तागा आपला, छाप कुणाची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘व्यवसायाचा लोगो कसा असावा’ हा विषय दिला आहे. चित्रकलेची वही मी कधीच वेळेवर दिली नाही, हे पहिल्या रांगेत बसलेल्या सरांना आठवत असेल. त्यामुळे जरा जपूनच बोलतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कंपासपेटीवर उंट होता. १९३१ साली गिरगावात दि. प. दांडेकरांनी शाईची पूड आणि वड्या बनवायला घेतल्या, तेव्हा मालावर घोडा होता, ‘हॉर्स ब्रँड’. पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ जोडून कॅमलिन हे नाव झालं. २०११ साली कंपनीची सूत्रं जपानच्या कोकुयोकडे गेली, तरी उंट हलला नाही. आता उंटाचा शाईशी काय संबंध? तसा काहीच नाही. पण अक्षरओळख नसलेलं पोरही दुकानात जाऊन ‘उंटवाली द्या’ म्हणू शकत होतं.

कापडधंद्याला हे त्याही आधीपासून ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर रंगीत चित्रांची तिकिटं चिकटवलेली असत. देवदेवता, हत्ती, वाघ. वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्र बघून तोच माल पुन्हा मागायचं. आपण ब्रँडला ‘छाप’ म्हणतो ते उगाच नाही.

आणि आपल्या भिवंडीत काय होतं? सूत व्यापाऱ्याचं, लूम आपले, मजुरी मीटरवर. ग्रे कापड इथून निघतं, धुलाई-रंगाई दुसरीकडे होते आणि किनारीवर नाव पडतं ते तिसऱ्याचंच. लग्नाच्या बस्त्यात आपण आपल्याच गल्लीत विणलेलं शर्टिंग परक्या नावाने विकत घेतो, हेही आपल्याला कळत नाही.

आपल्याच वर्गातल्या एकाने ही साखळी तोडायचं ठरवलं. (तो मागे बसलाय, हात वर करणार नाही.) माल प्रोसेस करून घेऊन स्वतःच्या नावाने विकायचा, म्हणून लोगो माझ्याकडून घेतला. मी काय काय घातलं त्यात! लूम, मागे उगवता सूर्य, धोटा, वडिलांच्या नावाची आद्याक्षरं, चार रंग. कॉम्प्युटरवर बघून आम्ही दोघंही खूश. मग तो पत्र्याच्या साच्यातून काळ्या शाईने गाठीच्या गोणपाटावर मारला. सूर्य आणि लूम एक झाले. गोदामातला हमाल मला विचारतो, “सेठ, ये धब्बेवाला माल किधर रखने का?” झालं, त्या मालाला ‘धब्बेवाला’ हेच नाव पडलं. कापडाच्या बाजारात हा शब्द किती वाईट, हे तुम्हाला सांगायला नको. एका व्यापाऱ्याने गाठ न उघडताच डागी माल समजून भाव पाडून मागितला. चूक माझी, नुकसान त्याचं.

दुसऱ्या वेळी मी नुसता धोटा काढला. एक रंग, ठळक आकार. तेव्हा ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाने अडवलं. कापडाच्या मालावर धोटा कुणीही काढेल, तुमचा एकट्याचा हक्क कसा सांगणार? मग मला कॅमलिनचा उंट खऱ्या अर्थाने कळला. मालाशी थेट संबंध नसलेलं चित्र आपलं म्हणून राखणं सोपं जातं.

शेवटी कंदील ठरला. लाइट गेली की लूम बंद, आणि त्या वेळात त्याचे वडील कंदिलाजवळ हिशेब लिहीत बसायचे. कंदील दोन्ही बाजूंनी सारखा. आपल्या निजामपुऱ्यात पाटी मराठीत डावीकडून वाचतात आणि उर्दूत उजवीकडून, म्हणून मध्ये ठेवायला असं चित्र बरं पडतं. पळता घोडा ठेवला, तर तो एका नावाकडे तोंड करतो आणि दुसऱ्याकडे पाठ!

तो खडूने गाळ्याच्या शटरवर काढून बघितला. ही परीक्षा मी आता प्रत्येक कामाला लावतो. २०१० साली उदय कुमार यांनी देवनागरी ‘र’वरून केलेलं रुपयाचं चिन्ह बघा, भाजीवाला पाटीवर हाताने काढतो. स्टेट बँकेचं १९७१ चं, शेखर कामत यांनी केलेलं वर्तुळ रबरी शिक्क्यातही बुजत नाही.

कागदपत्रांचंही बघा. चित्र पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीत तसं दुसरं आहे का ते शोधा. कापडाचा वर्ग २४, तयार कपड्यांचा २५. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. ‘टीएम’ आधीही लावता येतं, पण गोलातला ‘आर’ नोंदणी होण्याआधी लावला तर गुन्हा आहे. आणि चित्रकाराकडून हक्क लेखी घ्या, तो वर्गमित्र असला तरी.

परवा त्याच गोदामात गेलो होतो. तोच हमाल दुसऱ्याला ओरडून सांगत होता, “लालटेनवाला इधर!”

ज्यांना आपल्या मालावर नाव घालायचंय, त्यांनी जरूर या. मोबाइलवरची डिझाइनं नकोत. गोणपाटाचा एक तुकडा आणि काळी शाई घेऊन या, चहा माझ्याकडे.