कर्णबधिरांच्या व्यसनमुक्तीचा प्रश्न



व्यसनमुक्ती केंद्रात औषध थोडे आणि बोलणे फार असते. पहिले काही दिवस गोळ्या, सलाईन आणि झोप. नंतरचे सारे आठवडे शब्दांवर चालतात. समूहाची बैठक, समुपदेशकाशी एकांतातले बोलणे, दारू सोडून दहा वर्षे झालेल्या माणसाने सांगितलेली आपली कहाणी, पत्नीला बोलावून केलेली चर्चा. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या संभाषणातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ जन्मली. तेव्हापासून एका व्यसनी माणसाने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलणे हा या मार्गाचा गाभा राहिला आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी जी परंपरा रुजवली, तीही संवादाचीच.

या वर्तुळात जन्मतः ऐकू न येणारा एखादा कामगार आणून बसवला तर काय होईल? वीस माणसांच्या बैठकीत एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर नजर नेईपर्यंत बोलणारा बदललेला असतो. ध्यानाच्या वेळी डोळे मिटण्याची सूचना होते आणि त्याचा जगाशी उरलेला एकमेव धागाही तुटतो. त्याआधीची अवस्था तर अधिक बिकट. दारू अचानक थांबली की हात कापू लागतात, आणि खुणांच्या भाषेत बोलणाऱ्याचे हात हीच त्याची वाणी असते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होतो. अशा वेळी वॉर्डात हात बांधले गेले, तर त्याच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखेच झाले. बांधणाऱ्याला याची कल्पनाही नसते. काही आठवड्यांनी हा मनुष्य जसा आला तसा घरी जातो आणि ‘उपचारास प्रतिसाद नाही’ असा शेरा त्याच्या नावे पडतो.

‘आम्ही लिहून दाखवू’, असे सद्भावनेने सुचवले जाते. पण लिखित मराठी ही बहुतेक कर्णबधिरांची दुसरी भाषा आहे. खुणांच्या भाषेला स्वतंत्र व्याकरण असते. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून हातांची भाषा हद्दपार करून केवळ मुखभाषेचा पुरस्कार केला. तिथे मते देणारे जवळजवळ सारेच ऐकू येणारे होते! त्या ठरावाची छाया अनेक देशांतील शाळांवर शंभर वर्षे राहिली. मुलांची उमेदीची वर्षे स्वर घोटवण्यात गेली, ज्ञान मागे पडले. त्यात कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. शेजारचा अमुक दारूने गेला, त्याचे यकृत सडले, बायको माहेरी निघून गेली, ही माहिती इतर मुलांच्या कानांवर न शिकवता पडते. जेवताना सारे घर बोलत असते आणि हा एक मुलगा ताटाकडे पाहत असतो. प्रतिबंधाचा पहिला धडा तिथेच हुकतो. पुढे तो पिऊ लागला की घरचे म्हणतात, आधीच देवाने त्याच्यावर अन्याय केला आहे, एवढे सुख तरी त्याला असू द्या. ही दया त्याला खड्ड्यात ढकलते.

यावर उपाय शोधलाच गेला नाही असे नाही. अमेरिकेत मिनियापोलिस येथे फेअरव्ह्यू रुग्णालयाच्या आश्रयाने १९८९ साली केवळ कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम सुरू झाला. डेब्रा गुथमन या त्याच्या संचालक होत्या. कर्मचारी खुणांच्या भाषेत थेट बोलत. निबंध लिहवून घेण्याऐवजी रुग्णांकडून चित्रे काढून घेत : नशेमुळे काय काय गमावले ते काढा. ज्याला परिच्छेद लिहिता येत नसे तो गेलेली नोकरी, तुरुंगाचे गज, दूर उभी असलेली मुले कागदावर रेखाटत असे. बारा पायऱ्यांची शिकवण खुणांच्या भाषेत चित्रफितींवर आणली गेली, कारण ‘शरण जाणे’ यासारखे शब्द शब्दशः खुणांत उतरवले तर भलताच अर्थ होतो. उपचार संपल्यावर मात्र अडचण उभी राहिली. रुग्ण आपल्या गावी परतले, की तिथे त्यांना समजेल अशी एकही बैठक नसे.

गुप्ततेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कर्णबधिरांचा समाज लहान असतो. मुंबईच्या लोकल गाड्यांत अपंगांच्या डब्यात ही मंडळी जमतात, गप्पा रंगतात आणि बातमी विरारपासून चर्चगेटपर्यंत पोचते. ज्याच्यापुढे मन मोकळे करायचे तो दुभाषा उद्या त्याच डब्यात भेटणार असेल, तर कोण बोलेल? आणि दुभाषा नसला तर रुग्णाचा मुलगाच उभा केला जातो. बाप किती पितो आणि आईला मारतो का, हे अकरा वर्षांच्या पोराने डॉक्टरला सांगायचे, हा उपचार म्हणवत नाही.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले पन्नास लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना आरोग्यसेवेत अडथळाविरहित प्रवेशाचा अधिकार दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मनोविकार आपल्या कक्षेत घेतले आणि रुग्णाची संमती त्याला समजणाऱ्या भाषेत व पद्धतीने माहिती देऊनच घ्यावी असे म्हटले. व्यसनमुक्ती आणि दिव्यांगांचे सक्षमीकरण हे दोन्ही विषय केंद्रात एकाच सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहेत. भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन संस्था २०१५ साली त्याच मंत्रालयाने दिल्लीत स्थापली, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही त्याचाच. दूरध्वनीवर हात दिसत नाहीत, एवढी गोष्ट एका खात्याने दुसऱ्याला सांगायला हवी.

काही जण विचारतील, ऐकू येणाऱ्यांनाच उपचार कुठे मिळतात? प्रश्न खरा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. पण रांग लांब आहे म्हणून कुणाला रांगेतच उभे राहू द्यायचे नाही, हा युक्तिवाद समतेच्या विचाराला मानवणारा नाही. अनुदान घेणाऱ्या केंद्रांच्या अंदाजपत्रकात डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंपाकी यांच्या बरोबरीने दुभाष्याचे मानधन असावे, त्याच्याकडून गुप्ततेची लेखी हमी घ्यावी, आणि व्यसनातून सुटलेल्या कर्णबधिरांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन पगारावर नेमावे. निदान प्रत्येक महसुली विभागात अशा एका केंद्रापासून आरंभ करण्याची मागणी राज्य शासनाकडे करता येईल.