रोज एक पान : चित्रं काढता काढता गोष्ट सांगायला शिकूया

कानात इअरफोन, खांद्याला सॅक, आणि बहुतेक कुठेतरी जाता-जाताच ऐकताय, बरोबर ना? मग आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी. कारण आजची गोष्ट जाता-जाताच करायची आहे.

मला तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज येतात आणि त्यातला एक सूर ठरलेला असतो. "मला गोष्टी सांगायच्यात. कॉमिक करायचंय, शॉर्टफिल्म करायचीय. पण माझ्या आयुष्यात काही घडतच नाही. घर, कॉलेज, क्लास, परत घर. सांगू काय?"

माझं उत्तर सोपं आहे. रोज एक चित्र काढा. समोर जे दिसतंय त्याचं. दोन ते पाच मिनिटं, बस्स.

आता लगेच म्हणाल, "आम्हाला चित्र काढता येत नाही." चालेल! आपल्याला प्रदर्शन भरवायचं नाहीये. माणूस म्हणजे एक गोल आणि चार रेघा, तरी पुरे. तो वाकलाय की ताठ उभा आहे, एवढं कळलं की काम झालं. साधं बॉलपेन घ्या, खिशात मावेल अशी वही घ्या. पेनच का? तर खोडता येत नाही म्हणून. खोडरबर हातात आला की आपण नाक नीट काढत बसतो, आणि तेवढ्यात समोरचा माणूस उतरून निघून जातो.

"पण फोटो काढला की झालं की!" हेही कुणीतरी म्हणणारच. फोटो जरूर काढा. पण फोटोत सगळंच येतं. पंखा, जाहिरात, मागच्या माणसाची कोपरं, सगळं. चित्रात तुम्ही काढाल तेवढंच येतं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे दर मिनिटाला ठरवावं लागतं. गोष्ट सांगणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

एक उदाहरण घेऊ. मुंबईची लोकल. सेकंड क्लासच्या डब्यातला तिघांचा बाक, आणि त्यावरची ती जगप्रसिद्ध चौथी सीट. उभा असलेला माणूस नुसता हात हलवतो किंवा "जरा सरका" म्हणतो. तिघं सरकतात. चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत बसतो. रोज लाखो लोक हे बघतात आणि कुणालाच यात गोष्ट दिसत नाही.

आता हेच तीन चौकटींत काढून बघा. पहिली चौकट : तिघं आरामात बसलेत, एक जण उभा. दुसरी : तिघं सरकतायत. तिसरी : चौथा टेकलाय. झाली घटना. पण गोष्ट अजून व्हायचीय. कारण प्रश्न असा, की तुम्ही कुणाकडे बघणार? खिडकीतल्या माणसाकडे, जो सरकल्यासारखं करतो पण इंचभरही हलत नाही? मधल्या बाईकडे, जिच्या मांडीवर तीन पिशव्या आहेत आणि तरी सगळ्यात जास्त तीच सरकते? की चौथ्याच्या त्या पायाकडे, ज्याच्यावर अख्ख्या शरीराचा भार आलाय? तुम्ही ज्याला मोठं काढाल, गोष्ट त्याची. बाक तोच आणि माणसंही तीच, पण गोष्टी तीन.

आपल्याकडे हे करून दाखवलेले लोक आहेत. मारिओ मिरांडा घ्या. जन्म 1926 चा, दमणचा, आणि घर गोव्यातल्या लोटलीचं. लहानपणी ते घरच्या भिंतींवर चित्रं काढायचे म्हणून आईने कोरी वही आणून दिली. पुढे तरुणपणी त्यांनी चित्रांच्या रोजनिश्या ठेवल्या. 1949, 1950 आणि 1951 सालच्या रोजनिश्या आता पुस्तकरूपात आहेत. त्यात असतं काय? गावातली माणसं, चर्च, लग्नं, पार्ट्या, शेजारीपाजारी. म्हणजे 'काही घडत नाही' असंच सगळं! चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये गेलात तर भिंतीवरची त्यांची चित्रं बघा. एका चित्रात किती लोक, आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच चाललेलं. ही नजर रोजच्या सरावातून तयार होते.

किंवा आपले शि. द. फडणीस. 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावरचं त्यांचं एक गाजलेलं चित्र आहे. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. खाली एक शब्द नाही. पण पुढे काय होणार हे तुमच्या डोक्यात आपोआप सुरू होतं ना? अर्धी गोष्ट चित्रकार सांगतो, उरलेली आपण.

आणि सिनेमावाल्यांसाठी : सत्यजित राय. 'पथेर पांचाली' हा 1955 चा सिनेमा. त्याआधी राय जाहिरात कंपनीत चित्रकार होते, आणि याच कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या आवृत्तीची चित्रं त्यांनी काढली होती. सिनेमा करताना नेहमीसारखी बांधीव पटकथा त्यांच्या हातात नव्हती. होती ती चित्रांची आणि टिपणांची वही.

बरं, आता पद्धत सांगते. लिंडा बॅरी नावाच्या अमेरिकन कॉमिक्सकार आणि शिक्षिका आहेत. त्या विद्यार्थ्यांकडून रोज एक पान करून घेतात. आज काय केलं, काय पाहिलं, काय कानावर पडलं, आणि एक चित्र. मी यात आपल्यासाठी थोडा बदल केलाय.

एक : जागा ठरवा. रोज नवीन जागा शोधू नका. एसटी स्टँड, कॉलेजचं कॅन्टीन, घरातला ओटा, काहीही चालेल. एकच जागा रोज काढली की बदल दिसायला लागतात.

दोन : कानावर पडलेलं एक वाक्य चित्राखाली जसंच्या तसं लिहा. सुधारू नका. "सुट्टे नाहीत तर बसू नका" हे वाक्य तुम्ही घरी बसून सुचवलेल्या दहा संवादांपेक्षा भारी असतं.

तीन : आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, मागची सगळी पानं सलग उलटा. कृपा करून हे टाळू नका. एकेक पान म्हणजे नुसतं चित्र. गोष्ट पानांच्या मध्ये असते.

याचा माझा अनुभव सांगते. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. मी गॅलरीतून रोज सकाळी तिचं चित्र काढते. स्टोव्ह, पातेलं, काचेचे ग्लास, बिस्किटांच्या बरण्या, आणि मागे खिळ्याला अडकवलेलं एक दप्तर. चहावाल्या काकूंच्या मुलीचं. ती उलट्या क्रेटवर वही ठेवून लिहीत बसायची. जून, जुलै, ऑगस्ट, सगळ्या पानांवर दप्तर आहे. दिवाळीनंतर एकदा वही चाळत होते. खिळा आहे, दप्तर नाही. पुढचं पान, दप्तर नाही. त्याच्या पुढच्या पानावर क्रेटवर ग्लास, आणि मुलगी ते विसळतेय.

मी खाली गेले आणि काकूंना विचारलं. काकांना बरं नव्हतं, दवाखान्याच्या चकरा सुरू होत्या. "हाताखाली कुणी नाही गं. शाळा काय, बघू पुढच्या वर्षी." आमच्याच बिल्डिंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका मग काकूंबरोबर शाळेत गेल्या. मुलीचं नाव पटावर होतंच. आता ती जाते. रोज नाही, पण जाते. म्हणजे माझ्या वहीत काही पानांवर दप्तर आहे, काही पानांवर नाही. या गोष्टीचा शेवट मला अजून माहीत नाही.

हे मी काकूंना विचारून सांगतेय, आणि ती पानं मी कुठेही पोस्ट केलेली नाहीत. काकूंना मात्र वही दाखवली. त्या दिवाळीआधीच्या एका पानावर बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हिचं अक्षर चांगलं आहे, नाही?"

इथेच एक पथ्य. माणसं काढताना टक लावून बघू नका. एकदा बघा, मान खाली, रेघ ओढा. कुणाला अवघडल्यासारखं वाटलं तर पान उलटा आणि खांब काढा! कुणी विचारलं तर वही दाखवा. बहुतेक लोक खूश होतात आणि म्हणतात, "माझं पोट एवढं आहे का?" ओळखू येणारी माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय स्टोरीला टाकायची नाहीत. आपल्याला गोष्ट मिळाली म्हणून त्यांचं आयुष्य आपलं होत नाही.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. "वहीऐवजी फोनवर काढलं तर?" काढा ना, बोटाने काढा. फक्त नोटिफिकेशन बंद ठेवा आणि अनडूचं बटण विसरून जा. गर्दीत तर फोन बराच, कुणाचं लक्षही जात नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. सात दिवस, सात पानं, जागा एकच. प्रत्येक पानाखाली तारीख, वेळ आणि कानावर पडलेलं एक वाक्य. आठव्या दिवशी सगळी पानं सलग बघा आणि तीन गोष्टी शोधा. रोज काय आहे? एकदाच काय आलं? आणि आधी असलेलं काय आता दिसत नाही? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर मिळालं, की सातातली तीन पानं निवडा आणि त्यांचा क्रम लावा. तुमची पहिली गोष्ट तयार.

चित्र वाकडं आलं तर येऊ दे. मला पाठवायचं असेल तर चित्र नको, त्याखालचं वाक्य पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये आपण ती वाक्यं वाचू आणि फक्त एका वाक्यावरून माणूस कसा उभा करायचा ते बघू.

चला, तुमचं स्टेशन आलं असेल. उतरताना एकदा मागे वळून बघा, तुमच्या जागेवर कोण बसलं ते. भेटू पुढच्या आठवड्यात!