भाजीवाल्याचे रुग्णालय

(कष्ट करून मोठी झालेली माणसे पुष्कळ असतात. पण मोठे झाल्यावर मागे राहिलेल्यांची आठवण ठेवणारी थोडीच. अशा एका माणसाची ओळख शाळेच्या बालसभेतील या भाषणातून होते.)

बालमित्रांनो,

आज मी तुम्हांला सिंगापूरच्या एका तरुणाची गोष्ट सांगणार आहे. सिंगापूर म्हणजे उंच इमारतींचे, झगमगत्या दिव्यांचे शहर, हे तुम्ही ऐकले असेल. पण दोनशे वर्षांपूर्वी तिथे काय होते? दाट झाडी, दलदल आणि नदीच्या मुखाशी थोड्याशा झोपड्या!

१८१९ साली स्टॅम्फर्ड रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार घातली. या बंदरात मालावर जकात नव्हती. मग काय! चीनमधून, जावा बेटावरून, आपल्या देशातूनही गलबते येऊ लागली. पोट भरायला माणसे आली. १८२४ साली शिरगणती झाली, तेव्हा तिथे १०,६८३ माणसे राहत होती.

सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. तिथे राहिलेल्या अब्दुल्ला मुन्शींनी आपल्या आत्मचरित्रात एक गंमत लिहिली आहे. तिथले उंदीर एवढे मोठे होते, की ते मांजरावरच तुटून पडत! शेवटी एका इंग्रज अधिकाऱ्याने उंदीर मारून आणणाऱ्याला बक्षीस लावले. मग लोकांनी उंदरांचे ढीग आणून टाकले.

अशा या गावात १८१९ सालीच मलाक्काहून एक तरुण आला. त्याचे नाव तान तोक सेंग. वय एकवीस वर्षे. हाताशी पैसा थोडा, पण कष्टांची तयारी मोठी. आसपासच्या भागातून तो भाजी, फळे आणि कोंबड्या विकत घेई आणि गावात आणून विकी. पैसा जपून वापरी. पुढे त्याने नदीकाठी दुकान घातले. हळूहळू भाजीवाला तान मोठा व्यापारी झाला.

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती. पण गलबतांतून आलेल्या सगळ्यांनाच असे यश मिळाले नव्हते. कित्येक मजूर आजारी पडत. त्यांचे घर दूर राहिलेले. जवळ आई नाही, भाऊ नाही, औषधाला पैसा नाही. ते रस्त्याच्या कडेला पडून राहत. कित्येक तिथेच मरत.

तान तोक सेंग यांनी हे पाहिले. तेही असेच पोट भरायला आले होते ना! बेवारस गरिबांच्या अंत्यविधीचा खर्च ते करू लागले. पण मेल्यावर मदत करण्यापेक्षा माणूस जगवणे अधिक चांगले, नाही का? गरिबांच्या रुग्णालयासाठी त्यांनी चांदीचे हजारो डॉलर दिले. २५ मे १८४४ रोजी पर्ल टेकडीवर रुग्णालयाचा पाया घातला गेला.

१८५० साली ते वारले. पुढे त्यांच्या मुलानेही रुग्णालयाला देणगी दिली. २००३ साली सिंगापुरात सार्स या रोगाची साथ आली, तेव्हा तिथले रुग्ण याच रुग्णालयात ठेवले होते. डॉक्टर व परिचारिकांनी जिवावर उदार होऊन त्यांची सेवा केली. हे रुग्णालय आता दुसऱ्या जागी आहे; नाव मात्र तान तोक सेंग यांचेच आहे.

मुलांनो, तुम्हीही खूप पुढे जा. पण वाटेत कोणी पडलेला दिसला, तर क्षणभर थांबा आणि त्याला हात द्या.