छातीतली गाठ



आम्ही डॉक्टर नव्हे. सातवीला आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सभासदांच्या औषधपाण्याचे कागद चाळता चाळता झाले. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

धान्यबाजारातील आमच्या एका हमाल सभासदाला खोकताना रक्त पडले. एक्स-रेत गाठ दिसली. बिडी ओढतो म्हटल्यावर सर्वांनी, आम्हीही, कॅन्सरच धरला. गड्याने म्हैस विकली, मुलीचे लग्न घाईने उरकले. वीस वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला होता, हे कोणी विचारलेच नाही. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले. सी. टी. स्कॅन, थुंकी, रक्त सारे तपासले. गाठ बुरशीची निघाली!

क्षय बरा झाला तरी कधीकधी फुप्फुसात पोकळी उरते. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी हवेत सर्वत्र आहे. कुजक्या धान्यात आणि ओल्या पेंढ्यात तर फारच. धडधाकट माणसाला ती सहसा बाधत नाही, पण त्या पोकळीत तिला आयते घर मिळते व तिचा चेंडू वळतो. पुष्कळदा रोग्याने कूस बदलली की चेंडूही आत सरकतो. कॅन्सरची गाठ अशी सरकत नाही. अर्थात प्रत्येक गाठ बुरशीची नसते; खऱ्या कॅन्सरला क्षय समजून महिनोन्‌महिने गोळ्या खाणारेही आम्ही पाहिले आहेत.

कॅलिफोर्नियाच्या मातीत कॉक्सिडिऑइडिस ही दुसरी बुरशी राहते. तिच्या गाठी पेट स्कॅनमध्येसुद्धा कॅन्सरसारख्या उजळतात, आणि मग तुकडा काढून पाहावा लागतो. तेथे सान लुइस ओबिस्पो परगण्यात सौर वीजकेंद्रे उभारताना २०११ ते २०१४ या काळात ४४ कामगारांना तिचा रोग जडल्याचे आढळले. २०१९ साली तेथे कायदा झाला: ज्या परगण्यांत हा रोग फार, तेथील बांधकाम मालकाने मजुरांना त्याची माहिती दिलीच पाहिजे.

आता आमचे दुखणे ऐका. कॅन्सर म्हटले की दोष बिडीचा, म्हणजे हमालाचा. बुरशी म्हटली की गोदामातल्या धुळीची गोष्ट निघते; म्हणून ती कोणाला नको असते. त्याच गोदामात ती शिरली हे आम्हांला सिद्ध करता येणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण झडप उघडी ठेवा, भिजलेला माल वेगळा काढा, एवढे मागायला पुरावा कशाला हवा?

तो सभासद इट्राकोनॅझोलच्या गोळ्या घेतो. गोण्या उचलवत नाहीत, म्हणून काट्यावर बसतो. म्हैस काही परत आली नाही.