मोबाईलवर 36 दिसतंय? तरी गाफील राहू नका



एप्रिलमध्ये आपल्या शहापूर-मुरबाडकडे पारा चाळिशी ओलांडतो. आसनगावला लोकलची वाट बघताना मी मोबाईलवर मुंबईचं तापमान बघतो. 36 दिसलं की वाटतं, चला, सुटलो! मुरबाडहून एसटीनं कल्याण गाठणाऱ्यांनाही असंच वाटत असेल. पण हा आकडा फसवतो.

16 एप्रिल 2023 आठवतोय? खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं भर उन्हात, उघड्या मैदानावर. त्या दिवशी जवळपासचं तापमान होतं साधारण 38. आपल्याला ते नेहमीचंच. तरीही उष्माघातानं 14 जणांचा जीव गेला.

असं का होतं? घाम येतो म्हणून नाही, तर घाम वाळतो म्हणून अंग थंड होतं. आपल्याकडे हवा कोरडी असली की घाम पटकन वाळतो. समुद्राजवळ हवेत दमटपणा जास्त, घाम नुसता गळत राहतो. पाणी जातं, पण अंग काही थंड होत नाही. म्हणून तापमानासोबत ह्युमिडिटीचा आकडाही बघत जा.

डिलिव्हरी, साईट, सेल्स, काम कुठलंही असो, जमेल तेवढं जड काम सकाळी उरका. 12 ते 3 सावली धरा. तहानेची वाट न बघता पाणी प्या. खूप घाम गेला तर ओआरएस घ्या. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या ग्लासात नाही. मानेवर ओला पंचा टाका, त्यात लाज कसली?

आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला किंवा बेशुद्ध पडला, तर 'चक्कर आली असेल' म्हणून बसून राहू नका. लगेच 108 ला फोन करा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघा ओल्या करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

शेवटचं. बाटली संपली तर दुकानात, सोसायटीच्या गेटवर, कुठंही बिनधास्त पाणी मागा. मुंबईच्या नळाला भातसा-तानसाचं पाणी येतं, म्हणजे आपल्याच तालुक्यातलं. मागायला कसला संकोच?

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!