तळ्यावरचा अनोळखी कुरव



पेडणे तालुक्यात मोरजीला, शापोरा नदीच्या मुखाशी, थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे वाळूवर उतरतात. तेथे त्यांचे कोणाला नवल वाटत नाही. पण असा एखादा कुरव डिचोलीच्या मये तलावावर एकटाच दिसला, तर पाहणारा बुचकळ्यात पडेल. समुद्राचा पक्षी येथे कसा? वास्तविक हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. तपकिरी डोक्याचा कुरव जन्मतो तो लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी. समुद्र त्याला पुढे भेटतो.

मग ओळख पटवायची कशी? नावावर विसंबावे, तर फसगत ठरलेली. ऐन थंडीत या कुरवाचे डोके तपकिरी नसते आणि काळ्या डोक्याच्या कुरवाचे काळे नसते. दोघांच्याही कानामागे गडद ठिपका तेवढा उरतो. तेव्हा पाहायचे ते पंखांचे टोक. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके असतात, बुबुळ फिकट असते. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी, डोळा गडद. बसलेल्या पक्ष्यात पंखांची ही खूण नीट दिसत नाही. तो उडेपर्यंत काठावर थांबण्याची चिकाटी हवी.

थोराड कुरवांचे प्रकरण याहून बिकट. त्यांना प्रौढ पिसारा यायला सुमारे चार वर्षे लागतात आणि तोवर रूप पालटत राहते. शिवाय शास्त्रज्ञांचेही मत बदलत आले आहे. उत्तर रशियाच्या टुंड्रा प्रदेशातून येणारा, पाटीसारख्या करड्या पाठीचा, पिवळ्या पायांचा हॉइग्लिनचा कुरव जुन्या ग्रंथांत हेरिंग कुरवाची उपजाती होता. पुढे काहींनी त्याला स्वतंत्र जाती मानले. आज प्रमुख याद्यांत तो काळ्या पाठीच्या लहान कुरवाची उपजाती आहे. (पक्ष्याला याची खबर नाही, हे बरेच.)

याचा फटका टिपणवहीला बसतो. चाळीस वर्षांपूर्वी कोणी नुसते ‘हेरिंग कुरव’ एवढेच लिहून ठेवले असेल, तर त्या नोंदीवरून आज पक्षी कोणता, हे सांगता येत नाही. शेजारच्या बगळ्याच्या तुलनेत आकार, पायांचा रंग, चोचीवरील डाग, पंखांची टोके, तारीख आणि जागा लिहिली असेल, तर नाव बदलले तरी नोंद कामी येते. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह असले तरीही. अशा वह्या कोणा सभासदाच्या घरी पेटीत पडून असतील, तर त्यांना ग्रंथालयाच्या कपाटात जागा मिळावी.