टायर घेण्यापूर्वी



गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. गंगापूर तालुक्यात त्याची शेती आहे. दाराशी एक लहानशी मोटारगाडीही आहे. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, यंदा ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं म्हणतो. कापसाचे पैसे आलेत. आधी शर्यतीचे टायर घेऊ ना?"

मी म्हटले, "पैसे राहू देत खिशात. आधी गाडी दाखव."

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. पण शंकरपट तर आपण पाहिला आहे ना? तिथे सेकंदावर निकाल लागतो. इथेही तसेच. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. बहुधा एका वेळी एकच गाडी सोडतात. कमी वेळात, शंकू न पाडता जो वाट पुरी करील, तो पुढे. आपल्या नाशिकला राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. त्या पाहून गावोगावच्या तरुणांना हा नाद लागतो. नाद वाईट नाही. मैदान, शिरस्त्राण, पट्टा आणि पंच एवढे असले म्हणजे झाले. गावच्या रस्त्यावर मात्र हा खेळ कधीही नको.

आता टायरकडे वळू. शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर जरूर मांडावा. माणसासकट गाडीचे वजन १००० किलो धरा. प्रत्येक चाकावर आले २५० किलो. टायरमध्ये ३० पौंड हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला की उत्तर येते सुमारे १२० चौरस सेंटीमीटर. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटीमीटर लांब आणि ९ रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटर. हिशेब ढोबळ आहे, पण अर्थ पक्का आहे. एवढी मोठी गाडी चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते. धावणे, थांबणे, वळणे, सारे त्या चार पोस्टकार्डांच्या पकडीवर.

आणि ही पकड मोजकीच असते. बैल चढावर सगळी ताकद लावून ओढत असताना त्याच वेळी त्याला झटकन वळायला सांगितले, तर काय होईल? टायरचेही तसेच आहे. जोरात ब्रेक दाबून त्याच क्षणी सुकाणू फिरवले, की पुढची चाके वळायची सोडून सरळ घसरतात. नवशिका घाबरून सुकाणू आणखी फिरवतो आणि घसरण वाढते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, वळणात नव्हे. हा धडा कोणताही टायर विकत मिळाला तरी त्याबरोबर मिळत नाही.

मग शर्यतीचे टायर वाईट का? मुळीच नाहीत. डांबरावरच्या शर्यतीच्या टायरचे रबर मऊ असते. ते तापले की रस्त्याला चिकटल्यासारखे धरते. पण ते लवकर झिजते, आणि त्यावर नक्षी थोडी असल्याने साचलेले पाणी बाजूला सारायला जागा उरत नाही. शिवाय ते नवशिक्याच्या चुका झाकते. साधा टायर आधीच कुरकुरतो, हळूहळू सरकतो, सावध करतो. शर्यतीचा टायर पुष्कळ वेळ सांभाळून घेतो आणि सुटला म्हणजे एकदम सुटतो.

मातीवरची गोष्ट आणखी वेगळी. मुरमाड मैदानावर खोल, ठळक नक्षीचा टायर माती चावून धरतो. आपल्या काळ्या जमिनीत पाऊस पडला, की तीच नक्षी चिखलाने बुजून जाते. तेव्हा मैदान कोणते, हे कळल्याशिवाय टायर निवडणे म्हणजे जमीन न पाहता बियाणे घेण्यासारखे आहे.

मी त्या मुलाची गाडी पाहिली. पुढचे दोन्ही टायर गोटा झालेले. नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे १.६ मिलिमीटरच खोली उरली, की तो बदलायचाच. मागच्या टायरांची नक्षी चांगली होती, पण कडेला बारीक भेगा होत्या. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३२१ असेल, तर तो २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. त्याच्या टायरवरचे साल फारच मागचे निघाले. उन्हातान्हात रबर कडक होते; नुसती नक्षी पाहून भागत नाही.

मी विचारले, "आईला घाटीत दाखवायला नेतोस ते याच गाडीतून ना?"

तो गप्प झाला. पोरगा शर्यतीचे टायर घ्यायला निघाला होता आणि आई रोज त्या भेगाळलेल्या टायरांवर बसत होती. उद्या शर्यतीचे मऊ टायर चढवून भर पावसात वाळूजच्या रस्त्याने आला असता, तरी धोका तोच.

मग आम्ही ठरवले. गाडीला कंपनीने सांगितलेल्या मापाचेच चार साधे, नवे, एकसारखे टायर घ्यायचे. माप टायरवरच लिहिलेले असते. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १४ इंची. वेगाच्या खेळाला रिमोल्ड केलेला टायर घ्यायचा नाही.

हवेसाठी शाळेतला खडू पुरतो. टायरच्या कडेवर, नक्षी संपते तिथून खाली, खडूच्या रेघा ओढा. डांबरी मैदानावर एक फेरी मारा. खडू कडेच्या खालपर्यंत पुसला गेला, तर टायर वळणात फार कलंडतो आहे. हवा थोडी वाढवा. खडू कडेपर्यंतही पुसला नाही, तर थोडी कमी करा. टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या वर मात्र जायचे नाही. मातीवर हवा फार कमी केली, तर वळणात टायर रिमवरून निसटू शकतो. घरी निघताना हवा पुन्हा नेहमीची करा.

त्या मुलाने तसेच केले. सरावाच्या पहिल्या फेरीत त्याने तीन शंकू पाडले. संध्याकाळपर्यंत एकही पडेना. फोनवर म्हणाला, "सर, टायर बोलतो हो! आता कळायला लागलं." मी सांगितले, एक हंगाम त्याचे बोलणे ऐक. मग तुला काय कमी पडते ते तूच सांगशील, आणि तेव्हा शर्यतीचे टायर घे.

उरलेल्या पैशांत त्याने चांगले शिरस्त्राण घेतले. बाकीचे आईच्या हाती दिले.

श्रोतेहो, आपण शर्यत खेळा अथवा न खेळा, उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी खाली वाकून त्या चार पोस्टकार्डांकडे एकदा पाहा. त्यांच्यावर आपले घर बसलेले असते.